पाळीची खूण

१

भटूची नोकरी म्हणाल तर पुसायची. दुसरं काही नाही. सकाळी नऊला सगरामपुऱ्यातल्या निराधार गृहात यायचं, मोठ्या हॉलच्या आठ खिडक्या उघडायच्या, फरशी पुसायची, टेबल पुसायचं, आणि मग भिंतीवरचे शेठलोक पुसायचे. शेठलोक म्हणजे फोटो. ज्यांनी ज्यांनी संस्थेला दान दिलं ते सगळे पगडी, कोट, उपरणं घालून ओळीनं बसलेले. एकवीस होते. भटूला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं त्यांना आपली नावं ठेवली होती. हा मिशीवाला, हा कानवाला, हा रागावलेला आणि हा रागावलेल्याचा भाऊ. रागावलेल्याला तो जरा जपून पुसायचा.

चाळीस वर्षं सुरतेत साचे, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवल्यावर अशी नोकरी म्हणजे सासुरवाडीला आल्यासारखं. शिरपूरकडचा माणूस, बाविसाव्या वर्षी इकडं आला, आणि साच्याच्या खडखडाटात अर्धे कान घालवून बसला. इथं हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा. दुपारी शोभाबाई चहा आणायची. ती गृहातली स्वयंपाकीण, जालन्याकडची, जीभ तिखट आणि चहा गोड. संस्थेचे व्यवस्थापक भूपेंद्रभाई येताजाता थट्टा करायचे, की काका, शेठलोकांना इतकं घासू नका, एखादा हसेल. पाच वाजले की भटू गोडादऱ्याला घरी.

पाचची घाई एवढ्यासाठी, की नात वाट बघत असायची. धनश्री, दुसरीतली. तिला घेऊन रेल्वेच्या रुळापर्यंत जायचं आणि भुसावळकडं जाणारी गाडी बघायची, हा दोघांचा रोजचा नेम. गाडी दिसली की हात हलवायचा. आपल्या गावाकडं चालली म्हणून. धनश्रीनं गाव दोनदाच पाहिलं होतं, तरी हात मात्र ओळखीच्या माणसाला हलवावा तसा हलवायची. पोरगी मोठी गमतीची. घरात अहिराणी बोलायची, आणि दारात कुणी परका माणूस आला की पट्कन गुजराती. जीभ कशी बदलायची ते तिचं तिला ठाऊक नसायचं.

२

आता इथं साचेवाल्यांची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं.

जुन्या काळी लिंबायतच्या खोलीत बारा जण राहायचे आणि खाटा सहा. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच खाटेवर आडवा. खाट कधी थंड व्हायची नाही. भटूचा जोडीदार रामदास नावाचा होता. दोघांत एक साचा, एक खाट, एक आरसा. बायकोला पत्रंसुद्धा एकाच पोस्टमनकडून लिहून घेतलेली.

खात्यात, म्हणजे साच्यांच्या शेडमध्ये, आवाज असा की तोंडाशी तोंड नेलं तरी ऐकू येत नाही. म्हणून पाळी बदलताना कुणी बोलत नसे. नवा यायचा, कापड विणून जिथं आलंय तिथं काठावर खडूनं रेघ ओढायचा, शेजारी आपली निशाणी काढायचा. पुढं कापडात खोट निघाली तर कुणाच्या पाळीतली हे कळावं म्हणून. मग जुन्याच्या खांद्यावर दोन थापा. झालं. जुना उठायचा आणि मागं न बघता घरी जायचा. तोवर साचा सोडून उठायचं नाही, मग पोटात कळ येवो की अजून काही. खोलीवर खाट घेतानाही तेच, झोपलेल्याच्या खांद्यावर दोन थापा. तो डोळे न उघडता उठायचा, चपला घालायचा आणि चालू लागायचा. अर्ध्या वाटेवर त्याला जाग यायची.

भटूनं ही रीत चाळीस वर्षांत एकदा मोडली. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साली सगळं शहर स्टेशनकडं पळत होतं, तेव्हा तोही चालता साचा सोडून पळाला. रामदास पाळीवर आला तर जागा रिकामी. बिचारा भटूची वाट बघत दुसऱ्या दिवसापर्यंत एकटा खात्यात बसून होता. रामदास अजून बमरोलीत आहे, ठणठणीत आहे, भेटला की हसतहसत तीच गोष्ट सांगतो. भटूही हसतो. पण ते हसणं त्याला घरी येईपर्यंत टोचत राहतं.

३

दिवाळीनंतर संस्थेला पंचाऐंशी वर्षं होणार म्हणून भूपेंद्रभाईंनी रंगकाम काढलं. कोठार उपसलं तर तळाशी एक फोटो निघाला. काच चांगली, चौकट शिसवी. त्यांनी तो हॉलच्या दाराजवळ, खांद्याएवढ्या उंचीवर लावला आणि खालची गुजराती ओळ भटूला वाचून दाखवली. नऊ आश्रित, उद्योग करताना.

हे काही शेठलोक नव्हते. गृहाच्याच जुन्या ओसरीवर बसलेली माणसं होती. दोघी बायका कापूस पिंजत होत्या, एक म्हातारा काथ्या वळत होता, दोघंजण दोरीची दोन टोकं धरून उभे, एक आंधळी बाई चातीवर सूत काढत होती, दोघं टोपल्या विणत होते. सगळी फोटो काढणाऱ्याकडं बघत होती. एकटा नववा तेवढा बघत नव्हता. तो कोपऱ्यात, खड्ड्यात पाय सोडून हातमागावर सतरंजी विणत बसला होता. पाठ आपल्याकडं. मुंडण केलेलं डोकं, खांद्यावर पंचा.

भटूला तो लगेच आवडला. फोटो काढताहेत तरी काम सोडून बघितलं नाही, हा खरा कारागीर. पहिल्याच दिवशी त्यानं माणसांआधी कापड बघून घेतलं. साचेवाल्याचा डोळा तसाच. जाड सतरंजी, पांढऱ्यात काळे पट्टे, पाच पट्टे विणून झालेले.

गुरुवारी पुसताना सहा दिसले.

आपण चुकलो असू, असं भटू म्हणाला. मनाशी. चष्मा फुकटच्या शिबिरातला होता, त्यात एकाचे दोन दिसणं नवं नव्हतं. पण पाचाचे सहा? त्यानं रागावलेल्या शेठजीच्या कोटाची बटणं मोजून पाहिली. काल चार होती, आजही चार. म्हणजे चष्म्याचं काही नव्हतं.

पुढच्या सोमवारी सात.

त्यानं भूपेंद्रभाईंना बोलावलं. ते आले, वाकले, आणि म्हणाले की पट्टे मोजायचं त्यांना काही कळत नाही, पण काका रिटायर झाले तरी हातातला साचा काही सुटत नाही. दोघंही हसले. शोभाबाई म्हणाली, म्हातारपणी माणसं नातवंडं मोजतात, हे पट्टे मोजतात. तिघंही हसले.

भटूच्या मनात मात्र राहिलं. बरं, शहानिशा करायला काय लागतं? खिशात खडूचा तुकडा असायचाच, चाळीस वर्षांची सवय. दुपारी हॉल रिकामा झाल्यावर त्यानं काचेवर, सतरंजी जिथवर विणून झाली होती बरोबर तिथं, बारीक रेघ ओढली. उद्या कापड रेघेच्या पुढं गेलं तर खरं, नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं. साधा हिशोब.

पण हात कुठं थांबतो? रेघ ओढली तशी शेजारी आपली निशाणीही काढली. फुली आणि फुलीच्या पोटात ठिपका. सही येत नव्हती म्हणून तरुणपणी शोधून काढलेली. आणि निशाणी झाल्यावर बोटं आपोआप वर गेली, त्या पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावर काचेवरूनच दोनदा पडली.

टक, टक.

भटू स्वतःशीच हसला आणि फडकं पिळायला गेला.

४

परत आला तर मागावर कुणी नव्हतं.

माग होता, खड्डा होता, सतरंजी होती. बसायच्या जागी फळी तेवढी दिसत होती, मधे खोलगट झालेली, पुष्कळ वर्षं कुणी बसल्यासारखी. बाकीचे आठ जण होते तसे होते.

भटूनं काच पुसली. खिडकीचा उजेड पडला असेल म्हणून खिडकी लावली, मग उघडली. मग भूपेंद्रभाईंना पुन्हा बोलावलं आणि नुसतं विचारलं, भाई, किती माणसं आहेत? ते बोट ठेवून मोजू लागले. आठ झाली. खालची ओळ पुन्हा वाचली. नऊ. मग त्यांनी सांगितलं, की त्या काळच्या कॅमेऱ्यापुढं फार वेळ हलायचं नसे, आणि जो हलला तो फोटोत यायचाच नाही. हा नववा हलला असणार.

भटूला हे फार पटलं. हलला असणार, एवढंच. आपण आधी त्याला पाहिलं होतं त्याचं काय, हे विचारायचं त्यानं टाळलं. खडूची रेघ पुसायला गेला तर ती पुसेना. थुंकी लावली, नख लावलं. रेघ काचेच्या आतल्या बाजूनं होती.

मग तो स्टुलावर बसला, जरा दम घ्यावा म्हणून. डोळा लागला असावा. जाग आली ती खांद्यावर कुणी थापटल्यानं. दोनदा. मागं कुणी नव्हतं. घड्याळात पाच, आणि फोटोत तो पाठमोरा आपल्या जागी बसलेला.

चला, डॉक्टरच, असं म्हणून भटू घरी निघाला.

घरी सून वर्षा साडीला टिकल्या चिकटवत बसली होती. पन्नास साड्यांचा ढीग, हाताला डिंक. तिनं वर बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"आबा, दुपारले जेवनात, झोपनात, आते आखो कोठून उनात?"

म्हणजे दुपारी येऊन जेवलात, झोपलात, आता परत कुठून आलात. भटू म्हणाला, मी कुठं आलो होतो? ती म्हणाली, डोक्यावर पंचा घेऊन आलात, ऊन लागल्यासारखे, एक शब्द बोलला नाहीत. दोन भाकरी खाल्ल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडलात. आता म्हातारपणाची गंमत करू नका, चहा घ्या.

भटूनं आपल्या खाटेवर हात ठेवला. कार्तिकातली संध्याकाळ, थंडी पडू लागलेली, बाकी सगळ्या वस्तू गार.

खाट ऊबदार होती.

५

घाबरला का, असं विचाराल तर तसा नाही. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, आपण खरंच घरी जाऊन आलो आणि विसरलो. म्हाताऱ्या माणसाचं असं होतं. त्याच्या चुलत्यानं तर एकदा लग्नाला जाऊन जेवून येऊन, परत तयार होऊन तेच लग्न गाठलं होतं. पण चार दिवस असंच झालं, तेव्हा त्यानं शोभाबाईला विचारलं, की मी दुपारी कुठं जातो का?

शोभाबाईनं चहाचा कप खाली ठेवला. तिच्या तोंडावर थट्टा नव्हती.

"कुठं जाताय? दोन वाजले की त्या फोटोपुढं स्टुलावर बसता. डोळे मिटलेले. पाय असे खालीवर, हात असे इकडून तिकडं. मी काल तीनदा चहा आणला, तीनदा गार झाला. हाक मारली तर ऐकू येत नाही तुम्हाला."

आणि मग जरा थांबून, मिशा पुसा म्हणाली. भटूनं मिशीवर हात फिरवला. बोटाला कापसाची रुई लागली, पांढरी, बारीक, खात्यातून सुटल्यावर लागायची तशी. हॉलमध्ये कापूस कुठला?

आता हे दोन्ही बाजूंनी नीट बसत होतं. इथं बसतो तो भटू, आणि घरी जातो तो जोडीदार. दोन वाजता भटूच्या दोन थापांनी जोडीदार उठतो, पाच वाजता परत येतो, खांद्यावर थापटून भटूला मोकळं करतो. सतरंजी रोज बोटभर पुढं सरकत होती आणि वीण पहिल्यापेक्षा घट्ट होती, हे भटूनं थोड्या अभिमानानंच पाहिलं. आठजणही आता त्याच्याकडं जरा वेगळं बघत होते. खात्यात नवा माणूस टिकेल असं वाटू लागलं की जुने बघतात, तसे.

खरं सांगायचं तर त्याला त्या माणसाची कीव आली. ऐंशी-पंचाऐंशी वर्षं कुणी पाळी बदलायला आलं नाही. बिचाऱ्याला निराधार म्हणून आणून बसवलं असेल, आणि माग सोडून उठायचं नाही ही रीत त्यानं पाळली असेल. कुणी येऊन दोन थापा मारायच्या तेवढ्या बाकी होत्या. त्या भटूनं मारल्या. आता तीन तास कुणाच्या घरची भाकरी खाल्ली, एक डुलकी काढली तर बिघडलं काय?

त्यानं वर्षाला सांगितलं, दुपारची एक भाकरी जास्त टाक. ती हसून म्हणाली, आबा, तुम्ही दोनदा जेवता ते कमी आहे का?

धनश्रीला तर दुपारचे आबा फारच आवडले होते. ते झोपेपर्यंत ती त्यांचं डोकं चेपून द्यायची. भटूनं हळूच विचारलं, तोंड पाहिलं का गं त्यांचं? ती म्हणाली, पंचा असतो ना. आणि मग एकदम आठवल्यासारखं म्हणाली, "दुपारना आबा बोलतस नही. पन गाडीना डबा बोटस्वर मोजतस." दुपारचे आबा बोलत नाहीत, पण गाडीचे डबे बोटांवर मोजतात.

भटू म्हणाला, गाडी? गाडी तर आपण बघतो, पाच नंतर.

"काल तुम्ही नही उनात ना," धनश्री म्हणाली. "मंग आम्ही गयथूत."

काल तुम्ही आला नाहीत, मग आम्ही गेलो.

६

काल भटूला उशीर झाला होता हे खरं. थापा पडल्या तेव्हा घड्याळात सव्वासहा होते. परवा पावणेसहा. त्याआधी सव्वापाच. म्हणजे जोडीदार रोज थोडा जास्त रेंगाळत होता. पहिल्यांदा झोप जास्त लागली म्हणून, मग गाडी बघायची म्हणून, आणि मग कदाचित दिवेलागणीला घरात वास येतो म्हणून. भाजीला फोडणी पडली की तो वास सोडून उठवत नाही. भटूला हे कळत होतं. तो स्वतः कधी उठला नसता.

पण खात्यात जोडीदार असेही पाहिले होते. पहिल्यांदा पाच मिनिटं उशीर, मग अर्धा तास, मग चिठ्ठी येते की मुलखाला चाललो, चार दिवसांत येतो. मग तो येतच नाही. आणि इकडं तुम्ही साच्यापुढं उभे, पाय भरून आलेले, दाराकडं डोळे लावून. रामदासला विचारा.

एक दिवस तो आलाच नाही तर?

हा विचार भटूच्या मनात शनिवारी फोटो पुसताना आला, आणि फडकं हातातच राहिलं. त्याला धनश्री दिसली, रुळाजवळ उभी, एक हात हलवणारा आणि दुसरा कुणाच्या तरी हातात. वर्षा, मुलगा लखन मिलमधून येऊन जेवायला बसलेला, चौथं ताट वाढलेलं. सगळं जसंच्या तसं. फक्त ताटावर बसलेल्याची पाठ दिसत होती.

त्यानं भूपेंद्रभाईंना विनवून पाहिलं, हा फोटो काढून ठेवू या. ते म्हणाले, काका, रविवारी पाहुणे येणार, हाच तर दाखवायचा आहे. मग भटूनं फोटोपुढं उभं राहून, हॉलमध्ये कुणी नाही हे बघून, हळू आवाजात सांगितलं, की भाऊ, तुझं सगळं खरं. पण माझी नात आहे. मी उद्यापासून येणार नाही. माझी निशाणी तेवढी पुसून टाक.

पाठ हलली नाही. आठजणांनी मात्र ऐकलं असावं. काथ्या वळणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू होतं. आधी होतं का, ते भटूला आठवेना.

७

रविवारी भटू घरीच राहिला. गुडघा धरलाय असा निरोप शेजारच्या गणपतकडून संस्थेत पाठवला. सकाळ मोठी मजेत गेली. लखनची सुट्टी, मटणाचा बेत, वर्षानं शेव तळली. भटूनं धनश्रीला दोऱ्याचा पाळणा बोटांवर करून दाखवला आणि दोन वाजायची वाट बघत बसला. बघू या, असं त्याला वाटलं. मी उठवायला गेलो नाही तर तो कसा उठेल? रीत म्हणजे रीत.

जेवण झाल्यावर लखन मित्रांकडं गेला. वर्षा टिकल्यांच्या साड्या पोचवायला गेली. धनश्री दारात बाहुलीला निजवत होती. भटू खाटेवर पडला, ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून पंचा तोंडावर घेतला आणि भिंतीकडं वळला. पोटात मटण, अंगाखाली ऊबदार नवार. झोप अशी आली की विचारू नका.

खांद्यावर दोन थापा पडल्या.

भटू उठला. डोळे उघडले नाहीत. पायांनी चपला शोधल्या, घातल्या, आणि चाळीस वर्षं जसा चालत आला तसा चालू लागला. उंबरा, पायरी, गल्ली. किराण्याच्या दुकानापाशी आल्यावर त्याला जाग आली. हातात खडूचा तुकडा होता.

तो तिथंच उभा राहिला. ऊन पडलं होतं, एक बाई कपडे वाळत घालत होती, कुठंतरी रेडिओ लागला होता. सगळं कसं नेहमीचं. मग तो वळला आणि घराकडं परत गेला. जितकं जमलं तितकं भरभर.

दारातून आतली खाट दिसत होती. खाटेवर कुणी पडलेलं होतं, भिंतीकडं तोंड करून, डोक्यावर पंचा. पंचा जरा सरकला होता. मान दिसत होती, मुंडण केलेल्या डोक्याखालची. मानेवर खडूची बारीक रेघ, आणि रेघेशेजारी फुली, फुलीच्या पोटात ठिपका.

भटूनं पायरीवर पाय ठेवला. हात उचलला. दोन थापा मारायच्या, बस. तो उठेल, मागं न बघता जाईल. पण नुकत्याच पाळीवरून आलेल्या माणसाला कुणी उठवतं का? पंचाऐंशी वर्षांच्या पाळीवरून? भटूचा हात तिथंच राहिला.

धनश्रीनं मान वर केली. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"धीरे बोलो," ती म्हणाली. "मारा आबा सूता छे." हळू बोला, माझे आबा झोपलेत, असं.

भटूनं तिच्याकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत होती, नीट, मुलं दारात आलेल्या माणसाकडं बघतात तशी. ऊन आपल्या पाठीशी आहे, उजेडाकडं बघितलं की माणूस ओळखू येत नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. मिशीवर हात फिरवला. बोटांना रुई लागली.

"कोण आव्युं हतुं, कहुं?" तिनं विचारलं. कोण आलं होतं म्हणून सांगू, असं.

भटूनं जरा विचार केला. संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ होता. तोवर त्याची झोप होईल, तो येईल, खांद्यावर थापटेल. एवढी वर्षं रीत पाळणारा माणूस, आजच कशी मोडेल? आणि खरंच मोडली तर, ते तेव्हा बघू.

"जोडीदार आव्यो हतो," तो म्हणाला. "एटलुं कहेजे." जोडीदार आला होता, एवढं सांग.

धनश्रीनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि परत बाहुलीकडं वळली. भटू पायरी उतरला, गल्लीच्या तोंडापर्यंत आला, आणि तिथं त्याच्या ध्यानात आलं की आपणही तिच्याशी गुजरातीतच बोललो.

मग मात्र तो थांबला नाही. पाळीला उशीर झाला होता.